पंधरावी काठी

निवृत्त माणसाने रोज थोडेफार अंग मोडावे, असा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बहुधा बागकाम असावे. मी मात्र सोलापुरातल्या एका बँकेत आयुष्यभर हिशेब लिहून झाल्यावर भाच्याची गोल्फची बॅग खांद्याला लावली आणि व्यावसायिक गोल्फच्या दुसऱ्या फळीतल्या एका मालिकेचा अख्खा हंगाम, म्हणजे अकरा स्पर्धा, ती वाहिली. हे काम करणाऱ्याला कॅडी म्हणतात आणि कॅडी परवडत नसेल तर मामा चालतो, हा ताईचा शोध. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू अली शेर हेही आधी कॅडीच होते, असे सांगून भाच्याने मला भरीस घातले. त्यांनी ती सुरुवात साठीनंतर केली नव्हती, एवढा तपशील त्याने गाळला. मामा बनवणे म्हणजे काय, ते मला इतक्या शब्दशः कधी कळले नव्हते.

गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असू नये, असा नियम आहे. बॅगेच्या वजनाबाबत मात्र नियमकर्त्यांनी मौन पाळले आहे. क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, एकमेकांवर आपटून खराब होऊ नयेत म्हणून ताई ती बॅग चादरीत गुंडाळून देत असे. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायचे आणि तिथून पुढची गाडी धरायची, हा आमचा शिरस्ता. एकदा रात्रीच्या गाडीत आमच्या बर्थवर आडव्या पडलेल्या त्या बॅगेला तिकीट तपासनीस तीनदा ‘ओ काका, उठा’ म्हणाले आणि चौथ्यांदा त्यांनी खांदा समजून ड्रायव्हर या सर्वांत मोठ्या क्लबचे डोके हलवले.

या पातळीवरचा खेळाडू गोल्फ खेळतो, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तो शुक्रवारची वाट पाहतो. पहिल्या दोन दिवसांत, रोज अठरा याप्रमाणे, छत्तीस होल (चेंडू घालायचे खड्डे) खेळून झाले की जास्त फटके घेतलेल्या तळाच्या मंडळींना घरी पाठवतात, याला कट म्हणतात आणि कट हुकलेल्याला एक रुपयाही मिळत नाही. प्रवेश शुल्क, रेल्वे, लॉजचे भाडे, दोन वेळचे जेवण हे सारे मात्र मी वहीत नावे टाकलेलेच असे. एका फटक्याने कट हुकला की आठवडा बुडाला, आणि तो एक फटका म्हणजे १०८ मिलिमीटर व्यासाच्या होलच्या काठावर उभा राहून आत पडायचे नाकारणारा चेंडू. गल्लीत हे समजावणे त्याहून अवघड होते, कारण कट एक तर मिसळीवर ओततात किंवा कोणाविरुद्ध तरी रचतात. ‘एका फटक्यासाठी भाच्याचा कट फसला,’ असे मी सांगितले तेव्हा शेजारच्या काकूंनी दार अर्धे लोटून घेत विचारले, ‘कुणाला मारायचं होतं ओ त्याला?’

आठव्या स्पर्धेपर्यंत माझी चूक म्हणावी अशी एकही नव्हती. भाच्याचा एक जुना सात नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, मी कंबर तलावाला फिरायला जाताना कुत्र्यांसाठी हाती धरत असे. निघायच्या आदल्या दिवशी तो मी सवयीने बॅगेत खोचला. नवव्या स्पर्धेच्या शुक्रवारी, तिसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, भाचा क्लब काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब चालत नाहीत आणि आमच्याकडे दोन सात नंबर शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखे उभे होते. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये वेल्सचा गोल्फपटू इयान वूस्नम याच्या कॅडीकडून हेच झाले होते, पण त्याला ते दुसऱ्या टीवर कळले, म्हणून दोनच फटक्यांचा दंड बसला. आम्ही दोन होल खेळून बसलो होतो. होलमागे दोन, एकूण चार.

भाचा ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने सहखेळाडूला रीतसर सांगितले, आयर्न खेळातून बाद झाल्याची खूण म्हणून बॅगेत उलटा खोचला आणि म्हणाला, ‘मामा, चला.’ पुढचे सोळा होल ती उलटी मूठ माझ्या कानाला घासत होती आणि तिच्या रबराला कंबर तलावावरच्या कुत्र्याच्या दातांची खूण होती. कट तीन फटक्यांनी हुकला. वजाबाकी करायला मी बँकेत असण्याची गरज नव्हती.

परतीच्या गाडीत त्याने शेंगाची चटणी आणि कडक भाकरी निम्मी माझ्यापुढे सरकवली, त्यामुळे प्रकरण मिटले असे मी समजलो. घरी आल्यावर खर्च मांडायला वही उघडली, तर रेल्वे आणि लॉज यांच्या खाली, माझ्याच आखलेल्या रकान्यात, त्याच्या अक्षरात एक ओळ आधीच होती : ‘मामा – नावे ४.’