साहेब टिंबावर थांबतात

बँकेनं न विचारता माझ्या खात्यातून जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये कापले. मॅनेजर परप्रांतातले, म्हणून अर्ज इंग्रजीत पाहिजे. हातानं लिहिला आणि तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्या पोराला दिला: 'धिस पॉलिसी आय डू नॉट वॉन्ट. माय मनी शुड बी रिटर्न्ड.' छापून आला तर मधलं टिंब गायब.

"अरे, इथला फुलस्टॉप कुठं गेला?"

"काढला जी. अर्जाले एकच फुलस्टॉप राह्यते, शेवटी. मधात देल्ला त साहेबाले वाटते अर्ज सरला."

इंग्रजीत वाक्य पुरं झालं की फुलस्टॉप लागतोच, दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानंही जोडता येत नाहीत, असं मी सांगू लागलो. तेवढ्यात सातबाऱ्यासाठी बसलेले एक आजोबा खर्रा घोटता घोटता मध्ये पडले.

"पोरगं बराबर सांगून राह्यलं, भाऊ. माह्या फेरफाराच्या अर्जात मधातच टिंब पडलं. साहेब त्याच टिंबावर थांबला. तवापासून थांबूनच हाय."

"आजोबा, तसं नसतं."

"मंग फेरफार काऊन नाही झाला?"

याचं उत्तर कुठल्याच व्याकरणात नाही. आजोबांनी माझा कागद घेतला, उलटा धरून न्याहाळला. "आता कसा साफ दिसते! पहिले कपाशीवर मावा पडल्यावानी दिसे. अन् तुमाले टिंबायची लयच हौस असन, त खाली हायेत ना ढिगानं." खाली सहीच्या जागी त्या कंजूष पोरानं टिंबांची अख्खी ओळ ओतली होती.

मोडीत विरामचिन्हं नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी नावाच्या इंग्रजानं ती मराठीत रुळवली. आमच्या तहसीलसमोर बसला असता, तर बापडा आठवडाभरात बोटीत बसला असता.

बँकेतल्या बाबूनं वाचलं, "आय डू नॉट वॉन्ट माय मनी. पैसे नको म्हणता आणि परतही मागता?" मी त्याच्यासमोर पेनानं टिंब दिलं. "खाडाखोड चालत नाही. नवीन टाइप करून आणा."

पैसे कापताना यांना ना अर्ज लागला, ना इंग्रजी, ना माझी सही. परत मागताना मात्र टिंबसुद्धा छापील पाहिजे! आणि टायपिंगचे पैसे पुन्हा माझ्याच खिशातून.

मी पोराला बजावलं, यावेळी फुलस्टॉप पाहिजे म्हणजे पाहिजे. त्यानं दिला. 'नॉट'च्या पुढं.