खालची बटणं दिसतच नाहीत
‘सेटिंग्ज कमी करा, उरलेल्या ‘प्रगत’ (अ‍ॅडव्हान्स्ड) भागात ढकला’ हा, सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जची चौकट (विंडो) कशी असावी यावरच्या तुमच्या लेखातला सल्ला अर्धाच पटला. मी देवगडात आंबा बागायतदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो. ऐन हंगामात फोन येतात ते सेटिंग्ज जास्त आहेत म्हणून नव्हे. कशाने काय होणार ते कळत नाही म्हणून. एका सॉफ्टवेअरात टिक करायला वाक्य आहे, ‘राउंड ऑफ बंद करू नका’. आता टिक काढली की राउंड ऑफ होणार की नाही? बागायतदार काकांचं सोडा, मलाही एक बिल छापून बघावं लागतं. सरळ ‘रक्कम पूर्ण रुपयांत करा’ लिहायला काय जातं?

त्याहून वैताग पडद्याच्या आकाराचा. इथे अनेकांकडे १३६६ बाय ७६८चे जुने लॅपटॉप, त्यात वयोमानाने अक्षरं १२५ टक्के केलेली. सेटिंग्जची चौकट लहान करता येत नाही आणि तिची ओके-कॅन्सल बटणं विंडोजच्या टास्कबारखाली गडप! ऑल्ट-स्पेस, मग एम दाबून बाणाने चौकट वर सरकवा, असं मी फोनवर सांगतो. पण हे गिऱ्हाइकाने का शिकावं?

मॅकवर किंवा लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये बहुतेक बदल ओके न दाबता तिथल्या तिथे लागू होतात. आवाज, रंग यांना ते छानच. पण पेटीचा दर किंवा बिलाचा चालू क्रमांक चुकून बदलला तर? तिथे वेगळं बटण हवंच, आणि त्यावर ‘ओके’ नको, ‘दर बदला’ हवं.

आणि ‘रीसेट’बद्दल लेखात अवाक्षर नाही. त्याने समोरचा टॅब मूळपदावर जातो की अख्खं सॉफ्टवेअर, हे दाबण्याआधी कुठे लिहिलेलं असतं का?