'नट-बोल्टचं कीर्तन' : एका प्रतिक्रियेला उत्तर

मित्रवर्य,

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन मोटरसायकलला ॲल्युमिनियमचे पॅनियर (बाजूच्या पेट्या) लावण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : "बोल्ट ढिले कशाला ठेवायचे? एकेक लावला की आवळायचा. उगाच नट-बोल्टचं कीर्तन. सॉफ्ट बॅगा घ्या, कटकट मिटते. आणि एम८ ला १२ चा पाना लागत नाही."

पान्याचं मान्य. एम८ म्हणजे ८ मिमी जाडीचा बोल्ट; किटमधल्या षटकोनी डोक्याच्या (हेक्स) बोल्टला १३ चाच लागतो. १२ चा काही फ्लँज (डोक्याखाली चकती असलेल्या) बोल्टना, तिथे माझी गल्लत झाली. दुरुस्त केलंय.

'कीर्तन' मात्र झोंबलं. १४ वर्षं रॅक बसवतोय, कीर्तनाला अजून कुणी बोलावलेलं नाही.

रॅक म्हणजे पेट्या ज्यावर बसतात ती नळीची वेल्ड केलेली चौकट. वेल्डिंगच्या उष्णतेने ती थोडी ओढली जातेच, भोकं एखाद-दोन मिलिमीटर सरकतात. तुम्ही वरचा बोल्ट आधी करकचून आवळलात की सगळी तफावत शेवटच्या भोकात जमा. मग पेचकस घालून रॅक ओढा, बोल्ट तिरपा घुसवा. आटे वाचले तर नशीब. वाचले तरी रॅक कायमचा ताणात. खडबडीत रस्त्यावर दर दणक्याला तो ताण वेल्डच्या कडेशी जातो आणि तडा तिथूनच पडतो. शिव्या खातो वेल्डर.

म्हणून आधी सगळे बोल्ट हाताने, तीन-चार आटेच. नंबरप्लेटमागची आडवी नळीही तशीच ढिली जोडायची. रॅक हलवून जागेवर बसला की आलटून-पालटून आवळायचं : ८.८ ग्रेडच्या (हा बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) एम८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर जोर, फ्रेममधल्या आट्यांना सर्व्हिस मॅन्युअल म्हणेल तेवढंच. निळं लॉकटाइट (आटे सुटू न देणारा चिकट द्रव) त्यानंतर. एका वेळी एकच बोल्ट काढायचा, आट्यांवरचं तेल पुसायचं, एक थेंब, परत आवळायचा. प्लॅस्टिकवर ओघळू देऊ नका, एबीएस जातीच्या प्लॅस्टिकला चिरा पडतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) असेल तिथे लॉकटाइट नकोच. शेवटी बोल्टच्या डोक्यावरून रॅकवर रंगाची रेघ ओढायची. १०० किमीनंतर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. हे बघायला दोन मिनिटं लागतात; प्रतिक्रिया लिहायला तुम्हाला जास्त लागली असतील.

राहिल्या सॉफ्ट बॅगा. लेखाच्या शीर्षकातच 'हार्ड लगेज' (टणक पेट्या) होतं. तेवढं तरी वाचलं असेल असं धरून चाललो होतो.