मदत हवी? आधी रेंजमध्ये या

यंत्र अडलं की लोक नेटवर उघडतात ती मदतीची पानं लिहायचं काम तुमच्याकडे आलंय म्हणता? अभिनंदन. पहिलं पथ्य असं, की ती ऐरोलीच्या काचेच्या ऑफिसात, फायबरवर बसूनच तपासायची. तिथे पटकन उघडली म्हणजे साऱ्या जगात उघडली. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरल्यावर काय होतं, असं विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलावू नका.

नुसता मजकूर तर अजिबात नको. १९७१ साली युनिक्स या कॉम्प्युटर प्रणालीवाल्यांनी साध्या अक्षरांत तिची पुस्तिका लिहिली. तसली ‘मॅन पेजेस’, म्हणजे मॅन्युअलची पानं, आजही त्या घराण्यातल्या कॉम्प्युटरांमध्येच पडून असतात आणि नेट नसताना उघडतात. काय हा मागासलेपणा! तुम्ही ‘फ्यूज बदला’साठी व्हिडिओ करा. आधी लोगो फिरू दे, मग ड्रोनमधून वाशीची खाडी, फ्यूज शेवटी. दिवसाचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, आठ बिटांचा एक बाइट धरला तर ८ केबी. तुमचा ४० एमबीचा व्हिडिओ उतरेपर्यंत ८० मिनिटं सहज जातील. गिऱ्हाईक तेवढ्यात फास्ट लोकलने ठाण्याहून सीएसएमटी गाठून परतीला लागेल. २० केबीचा मजकूर अडीच सेकंदांत आला असता, पण इतक्या स्वस्तात मिळालेल्या मदतीची कदर कोण करतो?

फोनमध्ये देवनागरी असतेच. तरी पानासोबत आपला फॉन्ट पाठवा, पाच जाडींत.

आणि छापील तक्ते काढून टाका. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत ऐन मे महिन्यात पाण्याचा पंप बंद पडला. पंप दुसऱ्या तळघरात, पॅनलवर काहीतरी कोड लुकलुकतोय. जुन्या पॅनलच्या दाराला आतून कोडांचा तक्ता चिकटवलेला असायचा. या नव्यावर देखणा क्यूआर. वायरमनदादांनी फोन हातात धरून चारी कोपऱ्यांना आरती ओवाळली, एक दांडी आली नाही. मग रॅम्प चढून गेटपाशी गेले. तिथे पान उघडलं आणि त्याने विचारलं, ‘आता पॅनलवर कोणता दिवा लागला आहे?’ दादा खाली. खाली पोचेस्तोवर पान गेलेलं. शेवटी वर वॉचमन फोन घेऊन, रॅम्पच्या वळणावर मी आणि खाली दादा, अशी साखळी लावली. “लाल की केशरी?” “लुकलुकतोय!” “लुकलुकतोय म्हणजे कोणता?” चौथ्या मजल्यावरच्या काकू रिकामी बादली घेऊन हे सगळं बघत होत्या. पाऊण तासाने निकाल लागला: एक फेज गेलाय.

“साहेब, हे तर टेस्टर लावून दोन मिनिटांत कळलं असतं,” दादा म्हणाले. तुमच्या कष्टांची लोकांना ही किंमत!

पीडीएफ द्यावीच लागली तर लॉगिनच्या मागे ठेवा, ओटीपी मागून. ओटीपीलाही रेंज लागते, म्हणजे तळघरातला माणूस आपोआप गाळला जातो.

एक धोका मात्र आहे. जाताना दादांनी पॅनलच्या दारावर आतून मार्करने तो कोड लिहिला आणि पुढे ‘फेज बघ’. आता आमच्याकडे तुमचं पान कुणी उघडत नाही. पुढच्या मॉडेलला पत्रा असा वापरा, की त्यावर मार्कर टिकता कामा नये.