टोफूत प्लास्टर असतं म्हणे!

नात्यागोत्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. टोफू म्हणजे नकली पनीर, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस असतं, तो खाऊन पुरुष बायकी होतात आणि चिनी-जपानी लोक स्वतः तो चवीपुरताच खातात. माणसं घाबरून पुढे पाठवतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी प्लास्टरचं. टोफू करायला सोयाबीन रात्रभर भिजवून वाटायचं, उकळायचं, पंच्यातून पिळून त्याचं दूध काढायचं. मग पनीरसाठी आपण लिंबू पिळतो, तसं इथेही दूध फाडायला काहीतरी लागतं. जपानमध्ये पूर्वापार त्यासाठी निगारी वापरतात, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारं कडू पाणी. चीनमध्ये बऱ्याच ठिकाणी जिप्सम वापरतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते साधारण १५० अंशांवर भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं, की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. टोफूत जातं ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं जिप्सम, तेही अगदी थोडं. उलट त्यामुळे टोफूत कॅल्शियम वाढतं.

नकली? कशाची नक्कल? चीनमध्ये टोफूचा लेखी उल्लेख दहाव्या शतकातला आहे. जपानमध्ये ११८३ साली नारामधल्या कासुगा देवस्थानाच्या नैवेद्याच्या नोंदीत तो सापडतो, आणि १७८२ मध्ये ओसाकात टोफूच्या शंभर पाककृतींचं पुस्तक निघालं. ‘सोया पनीर’ हे नाव आपल्याकडच्या बाजारातलं, त्याचा दोष टोफूला कशाला?

चवीपुरता खातात, हेही खोटं. सोया सॉस चवीपुरता असतो, टोफू नाही. जपानमध्ये मिसो सूपमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्ये, त्याचे चौकोनी तुकडे असतात. उन्हाळ्यात गार टोफूवर किसलेलं आलं, कांद्याची पात आणि सोया सॉस घालून खातात. क्योतोत तो नुसता गरम पाण्यात उकळून वाढतात, आणि चीनमधल्या सिचुआन प्रांताचा तिखटजाळ मापो टोफू तर भाताबरोबरचं मुख्य कालवण आहे.

राहिला हार्मोनचा मुद्दा. सोयाबीनमधली आयसोफ्लेवोन्स नावाची द्रव्यं इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या हार्मोनसारखी दिसतात, पण त्यांचा परिणाम फार क्षीण असतो. पुरुषांवरच्या अनेक चाचण्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले. सोयामुळे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोन घटल्याचं दोन्ही वेळा आढळलं नाही. लातूरकडचा शेतकरी सोयाबीन पिकवतो आणि त्याच्याच घरी हा संदेश वाचून ते खायला घाबरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सावध कोणी राहायचं, तेही सांगते. सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर टोफू नकोच. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि टोफू एकाच वेळी घेऊ नका, सोयामुळे ती नीट शोषली जात नाही. मध्ये किती तास ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारा.