हानेडाच्या टकरीवरचा फॉरवर्ड : तीन दावे, तिन्ही लंगडे

टोकियोच्या हानेडा विमानतळावर 2 जानेवारी 2024 ला तटरक्षक दलाचं विमान आणि उतरणारी प्रवासी एअरबस यांच्यात झालेल्या टकरीवरचा एक संदेश ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं : तटरक्षक दलाच्या पायलटने टॉवरचं, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाचं, ऐकलं नाही, रडार असून कंट्रोलर झोपा काढत होते, आणि अशा पायलटला आत टाकलं की प्रश्न मिटला.

‘ऐकलं नाही.’ ऐकलं की! टॉवरने सांगितलं, ‘नंबर वन, सी-फाइव्ह होल्डिंग पॉइंटपर्यंत टॅक्सी करा.’ म्हणजे उड्डाणाच्या रांगेत तुम्ही पहिले; धावपट्टीच्या अलीकडे सी-फाइव्ह नावाची थांबायची जागा आहे, तिथवर जमिनीवरून या. विमानातून तेच परत म्हणून दाखवलं गेलं. घोळ इथेच आहे. रीडबॅक, म्हणजे हे परत म्हणणं, बिनचूक, म्हणून टॉवर निर्धास्त. इकडे कॅप्टनची समजूत झाली की धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली. आदल्या दिवशी जपानच्याच नोटो भागात भूकंप झालेला, विमान मदतसामग्री घेऊन निघालेलं, आणि त्यात कानावर पडलं ‘नंबर वन’. अपघातानंतर जपानने काही काळ हे शब्द वापरणंच थांबवलं. निरुपद्रवी असते तर कशाला थांबवलं असतं?

‘रडार होतं ना!’ होतं. टॉवरमधल्या पडद्यावर धोक्याची खूण म्हणून धावपट्टी पिवळी झाली, पण कंट्रोलरच्या ध्यानात आलं नाही. त्याला एकाच पडद्याकडे टक लावून बसता येत नाही. खिडकीबाहेरही बघायचं असतं, बाकीच्या विमानांशीही बोलायचं असतं. सी-फाइव्हचे लाल स्टॉप बार दिवे (‘इथे थांबा’ सांगणारी जमिनीवरची दिव्यांची रांग) तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते. चालू असते तरी तिथल्या रिवाजाप्रमाणे ते कमी दृश्यमानतेतच लावत. मला हा रिवाजच जास्त खटकतो. ते विमान सुमारे 40 सेकंद धावपट्टीवर उभं होतं. मागून उतरणाऱ्या एअरबसच्या पायलटांना काळोखात ते दिसलंच नाही. एअरबसमधले 379 जण बाहेर पडले. तटरक्षकच्या सहापैकी पाच गेले.

‘आत टाका.’ मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 ला धुक्यात एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेने (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याने) धावपट्टीवर आलं, टक्कर झाली आणि 118 जण मेले. तिथल्या खुणा आणि पाट्या धड नव्हत्या, जमिनीवरचं रडार बंद. जेटचे पायलट त्यातच गेले. तुरुंगाची भीती घालणार कुणाला? जिवंत पायलटला घातली, तर थोडक्यात निभावलेल्या चुका तो कळवणारच नाही, आणि खुणा तशाच पुसट राहतील. त्यापेक्षा पिवळ्या होल्डिंग रेषेपाशी दोघा पायलटांनी ‘परवानगी नक्की कशाची?’ हे एकमेकांना मोठ्याने विचारावं; एकाला जरी शंका आली तरी ब्रेक लावून टॉवरला पुन्हा विचारावं. आणि समोर लाल स्टॉप बार पेटलेला असेल, तर टॉवरने हो म्हटलं तरी तो ओलांडू नये.