उद्यापासून येऊ नको

शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर परवा परत १२ तासांचा विषय निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायचं ठरवलं आणि तिमाहीतल्या ओव्हरटाईमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली, तेव्हापासून भांडण चालूच आहे. मी लिहिलं की हे चुकीचंय, तर एकजण म्हणाला तुला जर्मनीत बसून बोलायला काय जातंय बे, इथं सोलापुरात पूर्व भागात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, १२ तासांची पाळी कधीपासून चाललीय. तो खोटं बोलत नाहीये. माझ्या वडिलांनी एकाच शेडमध्ये १९ वर्षं १२ तासांच्याच पाळ्या केल्या. पण म्हणूनच मला वाटतं की आपण तासांवर भांडतोय आणि त्याच्या खालचा प्रश्न तसाच राहतोय, माणूस तिथं कामाला होता हे कुठल्या कागदावर आहे का?

आमच्याच घरातलं सांगतो. आई बिडी वळायची. पान भिजवायचं, कापायचं, हजार बिड्या झाल्या की कंपनीच्या ब्रँचला नेऊन द्यायच्या, तिथं छाट काढणार, म्हणजे खराब बिड्या बाजूला टाकणार, चांगल्या बिड्यापण कधी कधी छाटमध्ये जायच्या आणि ती गप्प घरी यायची. मजुरी वडिलांपेक्षा कमी. पण तिच्याकडं कार्ड होतं, पीएफ कापला जायचा. बिडी कामगारांसाठी १९६६ चा वेगळा कायदा होता आणि सोलापुरात लाल बावटा युनियनच्या बायकांनी तो भांडून भांडून वापरात आणला. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं उभी राहिली तीसुद्धा या बायका बिडी कामगार म्हणून कागदावर होत्या म्हणून. आईनं काम सोडलं तेव्हा तिच्या हातात पीएफचे पैसे आले. वडिलांनी सोडलं तेव्हा उचल किती बाकी आहे तेवढाच हिशेब झाला. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ पासून होता, ५ वर्षं झाली की दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार, पण १९ वर्षं सिद्ध कशावर करणार, हजेरी मालकाच्या वहीत होती.

माझंही तेच झालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात होतो, ३ वर्षं. दिवाळीला पीएफचं विचारलं तर मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नको. वकिलाकडं गेलो तर त्याचा पहिला प्रश्न, नियुक्तीपत्र? नाही. पगाराची स्लिप? नाही. पगार रोख मिळायचा. तिथंच विषय संपला.

आता इकडचं ऐका. जर्मनीत श्टुटगार्टला आलो, दुसऱ्या वर्षी मॅनेजरनं खोलीत बोलावून सांगितलं की प्रोजेक्ट बंद होतोय, पुढच्या महिन्यापासून तुझी गरज नाही. माझे हातपाय गार पडले, व्हिसा नोकरीवरच होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकच विचारलं, कागद दिला का? नाही म्हणालो. मग उद्या कामावर ये, त्या म्हणाल्या. इथल्या कायद्यात नोकरीवरून काढायचं तर कागदावर शाईची सही लागते, तोंडी सांगितलेलं, ईमेल, व्हॉट्सॲप काहीच धरत नाहीत. पत्र मिळालं की ३ आठवड्यांत कामगार कोर्टात जाता येतं, पहिल्या पायरीला वकीलही सक्तीचा नाही. मला पत्र ९ दिवसांनी मिळालं. नोकरी गेलीच शेवटी, पण करारातले ३ महिने पगार मिळाला, अनुभवाचं पत्र मिळालं, आणि त्या ३ महिन्यांत मी दुसरी नोकरी शोधली. वडिलांना ३ दिवससुद्धा कुणी दिले नव्हते.

इकडं सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. कत्तलखान्यांत पूर्व युरोपातले मजूर कंत्राटदाराच्या नावावर राबत होते, २०२० मध्ये त्यांच्यात कोरोना पसरला तेव्हा सरकार जागं झालं आणि २०२१ पासून तिथली ती कंत्राटी पद्धत बंद केली.

आपल्याकडं २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले केंद्राचे नवे कायदे, लागू झाल्या. त्यात प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं आहे, कामावरून काढलं तर कामाच्या २ दिवसांत हिशेब पूर्ण करायचा आहे, मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षातच ग्रॅच्युइटी आहे. दुसरीकडं ३०० पेक्षा कमी कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही, आधी ही मर्यादा १०० होती, ते मला पटत नाही. पण नियुक्तीपत्राचं कलम मला सगळ्यात मोठं वाटतं आणि ग्रुपवर त्याच्यावर एक मेसेज नाही! सोलापूरचे मालक पण लहानच आहेत, सुताचे भाव, लाईट बिल, ऑर्डर कधी येईल कधी नाही, हे मला कळतं, मी त्यांच्याच ऑफिसात बसलोय. पण पगार वाढवायला पैसे लागतात, नाव लिहून द्यायला लागत नाहीत.

भाचा युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये आहे. वाढीव ओव्हरटाईमला कामगाराची लेखी संमती लागणार असं ठरलंय ना, तर त्याच्याकडं नियुक्तीपत्र नाही, पण मागच्या आठवड्यात कोऱ्या कागदावर सही मागितली. मामा करू का, म्हणून रात्री फोन आला. मी म्हणालो, आधी नियुक्तीपत्र माग, एकट्यानं मागू नको, शिलाईवरच्या सगळ्यांना घेऊन जा. आणि कोऱ्यावर सही करू नको. अजून त्याचा फोन आलेला नाही.